शब्दयादी

कान तपासते मी, एकवीस वर्षं झाली.
काचेच्या अल्याड मी, पल्याड माणूस,
मधे दोन याद्या:
कन्नड म्हैसूरहून आलेली, मराठी पुण्याहून.
मी शब्द म्हणायचा, त्यानं परत म्हणायचा.
ऐकू येतं का एवढंच बघायचं,
शुद्ध-अशुद्ध नव्हे.
तरी जांबोटीची एक म्हातारी
'कुठे' ऐकून 'खंय' म्हणाली, तेव्हा मी फुली मारली होती.
मी. जिची आई अजून फोनवर विचारते, खंय चललंस.

काल गोलकीपर आला, शहापूरच्या क्लबातला.
एहिझोजिए नाव. निपाणीच्या स्पर्धेत
डाव्या कानावर चेंडू बसलेला.
फॉर्मवर मातृभाषा: कन्नड, मराठी, उर्दू, कोंकणी, इतर.
त्यानं 'इतर'वर बोट ठेवलं.
मैदानावर शिकलेल्या हिंदीत म्हणाला,
हे इतर किती लांबपर्यंत जातं?

मग हात पसरला. गोलकीपरचा हात,
दोन बोटं मोडून वाकडी बसलेली.
मधलं बोट बेनिन शहर, तिथं राजा, तिथली बोली बिनी.
शेजारचं एसान, आम्ही.
हे एत्साको, माझी आई तिकडची.
करंगळी ओवान.
अंगठा अकोको, तिथं टेकडी ओलांडली की
लग्नाला दुभाषी न्यावा लागतो, हसून म्हणाला.
उरहोबो, इसोको खाली दक्षिणेला, चुलत घराणी,
त्यांना हातावर जागा नाही, मनगटावर घ्या.
आणि सगळ्यांचं मिळून नाव एदो?
सरकारी कागदावर, हो. घरात विचाराल तर भांडण.

एसान म्हणजे उडी मारून निघून गेलेले,
असं सांगतात त्यांच्याकडं. राजाचा हुकूम जड झाला,
रातोरात रान गाठलं.
गोऱ्या साहेबाला ते नीट ऐकू आलं नाही,
त्यानं इशान लिहिलं. पाटीवर तेच राहिलं.
मी म्हटलं, बाबा, पाट्यांचं आम्हाला सांगू नकोस.
इथं पाटी एका लिपीत झोपते,
दुसऱ्या लिपीत उठते.
कधी डांबर फासलेली.

बाहेरून शिवलिंग ओरडला,
काय करूलैस ग बाई, रांग बघ की!
बघूलालोय, मी ओरडले. 
हे पुण्याच्या यादीत नाही.

त्याच्यासाठी यादीच नव्हती.
तूच सांग शब्द, म्हटलं.
पाणी?
आमें. बिनीत आमें, एसानात आमें, आईकडंही जवळजवळ तेच.
पाण्यावर कुणी भांडत नाही, म्हणाला.
(मलप्रभेचं मी त्याला सांगितलं नाही.)
मग 'ओखा'.
ओखा म्हणजे गोष्ट. आणि ओखा म्हणजे सावरीचं झाड.
दोन्ही म्हणून दाखवलं, मी दोन्ही लिहिलं,
कागदावर एकाखाली एक, सारखंच.
काना, मात्रा, वेलांटी, सगळं आहे आमच्याकडं,
सुरासाठी मात्र काही नाही.
आवाज किती वर उचलायचा
हे ज्याच्या-त्याच्या घरातच कळतं.

शेवटी त्याचाच आवाज फोनवर भरून घेतला,
त्याच्याच कानात सोडला.
उजव्या कानात, ओखा.
गोष्ट, म्हणाला. बरोबर.
डाव्या कानात, ओखा.
काचेपलीकडं तो बराच वेळ डोळे मिटून.
झाड, म्हणाला.

मी गोष्ट लावली होती.

पेन उचललं, फुलीपाशी आणलं.
तिथं आता निळा ठिपका आहे.
चार हजार हर्ट्झच्या पुढं डावीकडं उतार, असा शेरा लिहिला,
थेंब दिले, पंधरा दिवसांनी ये म्हटलं.
मातृभाषेच्या रकान्यात 'इतर' खोडून
'एसान' लिहिलं, देवनागरीत.
मग त्याच्या डोक्यावरून शिवलिंगला हाक मारली,
पुढचा कोण?
कुणी तरी खुर्चीतून उठत म्हणालं,
यत्तेलो, बाई, यत्तेलो.